भिंतीवर उमटणारे पितर

गल्लीच्या सभागृहात त्या गुरुवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी त्या खोलीत म्हाताऱ्यांचा सोंगट्यांचा डाव चालायचा, नाहीतर कचऱ्याच्या पिशव्या कोणी कोणत्या वारी बाहेर ठेवायच्या यावर बैठका व्हायच्या. आज मात्र साठ-सत्तर माणसं चटयांवर गुडघे मुडपून बसली होती, आणि इतकी गप्प की एखाद्याच्या पोटात गुरगुरलं तरी चार रांगा मागे कळावं. खिडक्यांवर जाड काळे पडदे होते. बाहेर फुशिमी भागातलं ऑगस्टमधलं ऊन, आत मिट्ट काळोख, आणि समोर पांढरी भिंत.

भिंतीपासून दोन-अडीच हातांवर काळ्या लाखेचं एक मेज होतं. मेजाच्या भिंतीकडच्या अंगाला कमळ कोरलेलं. शेजारी शुभ्र झग्यात कोम्यो-सेन्सेई, म्हणजे कोम्यो गुरुजी, बसले होते. वय पंचेचाळीस, गाल गुलाबी, आवाज रेडिओवर हवामान सांगणाऱ्यासारखा मऊ. पूर्वी ते ओसाकात गाद्या विकायचे असं कोणीतरी म्हणालं होतं, पण ते म्हणणाऱ्यालाच लोकांनी वेड्यात काढलं होतं.

"पितर म्हणजे प्रकाश," सेन्सेई सांगत होते. "प्रकाश म्हणजे कंपन. कंपन म्हणजे कृतज्ञता. कृतज्ञ माणसाच्या घरात विजेचं बिलसुद्धा कमी येतं. पण पितर फार लाजाळू असतात. म्हणून इथे खोकायचं नाही. शिंक आली तर बाहेर जायचं. फोन बाहेर, काठ्या बाहेर, लहान मुलं तर बाहेरच बाहेर. आणि उदबत्ती लावायची नाही. धुराने पितरांचा जीव गुदमरतो."

त्यांनी समोरच्या पितळी वाटीवर लाकडी दांडीने टोला दिला. नाद खोलीभर पसरला, आणि भिंतीवर हळूहळू, पहाट व्हावी तसं, एक चित्र उजळलं. वर्तुळात लोंबणारी फुलांची वेल.

"यासुई घराणं," सेन्सेई पुटपुटले.

यासुईंची थोरली सून हुंदका आवरत पुढे वाकली. ते यासुईंचंच कुळचिन्ह होतं. कोणी फळ्यावर काढलं नव्हतं, कोणी पडदा लावला नव्हता, छताला एक तारसुद्धा नव्हती. वेल दहा श्वास टिकली आणि विझली. पुन्हा वाटीवर टोला, पुन्हा वेगळं घराणं, वेगळं चिन्ह. चूक म्हणून नाही.

तिसऱ्या रांगेत मिसाओ बसली होती. ती मुलांच्या केंद्रात हस्तकला शिकवायची. चाळिशी ओलांडली तरी बोटांवर कायम डिंक. ती इथे पितरांना भेटायला आली नव्हती, भांडायला आली होती. पण भांडण ही गोष्ट तिला घरी पाठ करून यावी लागायची, आणि ऐन वेळी ती पाठ केलेलं विसरायची.

"मुरोता घराणं. सेत्सुबाई, पुढे या."

सेत्सुबाई म्हणजे मिसाओची आई. शहात्तर वर्षांची, टोफूच्या दुकानाची मालकीण. गुडघ्यांवर सरकत ती पुढे गेली. टोला पडला आणि भिंतीवर एकमेकांच्या पाठीमागे धावणारे तीन टपोरे थेंब गोल उजळले.

मिसाओच्याही अंगावर काटा आला. वडिलांच्या कबरीवर तेच चिन्ह होतं, दुकानाच्या दाराला लावलेल्या निळ्या पडद्यावरही तेच. पण काटा येऊन गेल्यावर काहीतरी खुपायला लागलं. तो पडदा तिने सातव्या वर्षापासून धुतला होता, वाळवला होता, इस्त्री केला होता. त्यावरचे थेंब घड्याळाच्या काट्यांसारखे धावतात. हे उलटे धावत होते.

"दिसतं का, सेत्सुबाई?"

"दिसतं हो. अगदी लख्ख."

"डोळ्यांत औषध घालता?"

"नाही सेन्सेई. आज पस्तीस दिवस झाले."

"आणखी चौदा. ते औषधाचं पाणी पितरांचा प्रकाश धुऊन टाकतं. एकोणपन्नास दिवस पुरे करा, डॉक्टरच तुम्हाला विचारायला येतील की बाई, हे केलंत काय."

खोलीभर समाधानाचा सुस्कारा गेला. मिसाओ पाठ केलेलं सगळं विसरली.

*

"काचबिंदू आहे, आई," घरी पोचल्यावर मिसाओ म्हणाली. "डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस मरते. डॉक्टर काय म्हणाले होते? थेंब रोज घातले तर आहे ती नजर टिकेल. गेलेली परत येत नाही. एक दिवसही चुकवू नका म्हणाले होते ते."

सेत्सुबाई सोयाबीन निवडत होती. निवडत होती म्हणजे चाचपत होती. किडका दाणा ती आता बोटांनीच ओळखायची. आईने थेंब बंद केल्याचं मिसाओला आठवड्यापूर्वी कळलं होतं, तेही औषधाच्या दुकानातून, "तुमच्या आई हल्ली येत नाहीत" असं विचारणं झालं म्हणून.

"बारा वर्षं थेंब घातले," सेत्सुबाई म्हणाली. "काय दिसायला लागलं?"

"दिसायला लागावं म्हणून नसतात ते. जाऊ नये म्हणून असतात."

"म्हणजे बारा वर्षांचा फायदा काय, तर तोटा झाला नाही. असला माल मी दुकानात ठेवला असता तर एक गिऱ्हाईक फिरकलं नसतं."

"टोफू आणि डोळा सारखा नाही."

"टोफू जास्त नाजूक असतो."

मिसाओ चहा ओतायला उठली, परत बसली. "ते चिन्ह उलटं होतं."

"उलटं म्हणजे?"

"आपले थेंब असे धावतात." तिने आईचा हात धरून हवेत गोल फिरवला. "भिंतीवरचे असे धावत होते."

सेत्सुबाईचा हात थोडा वेळ हवेतच राहिला. मग ती हसली, आणि त्या हसण्यात इतकी माया होती की मिसाओला रागावताही येईना.

"अगं वेडे, तू पडदा बाहेरून बघतेस. शाळेतून येताना बघायचीस, तसा. मी पन्नास वर्षं दुकानाच्या आत बसले. पातळ कापड, रंग आरपार उतरतो. आतून बघितलं की थेंब असेच दिसतात. तुझे बाबा आता आतल्या बाजूला आहेत. त्यांना जसं दिसतं तसं त्यांनी दाखवलं."

मिसाओने चहा ओतला. वाटलं, आपणच चुकत असू. आपण शिकवतो काय, तर कागद कसा दुमडावा. समोरची बाई पन्नास वर्षं पहाटे उठून दुकान चालवते आणि नवऱ्याला भेटून आल्यासारखी आज पहिल्यांदा जेवणार आहे. तिच्या ताटातून ते काढून घ्यायचं, आणि त्या जागी ठेवायचं काय? थेंबांची बाटली?

*

शुक्रवारी मुलांच्या केंद्रात गोंधळ होता. दुसऱ्या दिवशी जिझोचा उत्सव. जिझो म्हणजे गल्लीच्या तोंडाशी छोट्या देवळीत बसलेला, लाल लाळेरं बांधलेला मुलांचा देव. उत्सव त्याचा, पण मान मुलांचा. दरवर्षी मुलं आपापल्या नावांचे कागदी कंदील करायची. या वर्षी मिसाओने वेगळं काढलं होतं : प्रकाशाची चित्रपेटी.

पुठ्ठ्याचं खोकं. आत छोटा दिवा, तोंडाशी भिंग. मध्ये पारदर्शक प्लास्टिकची गोल चकती, तिच्यावर मुलांनी काळ्या शाईने काढलेली आठ चित्रं. चकती फिरवायला बोटाएवढी मोटर. आणि या सगळ्याला हुकूम द्यायला तळहाताएवढी संगणकाची पट्टी, जिला एक बारीकसा कान होता. हुकूम काय द्यायचे ते मुलांनी पडद्यावर रंगीत ठोकळे एकाखाली एक लावून ठरवायचं. नाझुना नावाच्या दहा वर्षांच्या मुलीने आपले ठोकळे मोठ्याने वाचून दाखवले :

"मोठा आवाज आला, तर चकती एक घर फिरव. दिवा हळूहळू वाढव. दहा मोज. दिवा हळूहळू मालव. परत कान देऊन बस."

"छान. वाजव टाळी."

नाझुनाने टाळी वाजवली. भिंतीवर हळूहळू तिचं नाव उजळलं, पण अक्षरं आरशात दिसावीत तशी.

"नाझुनाचं नाव मंगळावरच्या भाषेत आलं," कान्ता म्हणाला. कान्ताला पुढचे दोन दात नव्हते, पण त्याने त्याचं बोलणं अडत नसे.

"तुझं तरी कुठे सरळ आलं?"

"माझं कलिंगड आहे. कलिंगड उलटं आलं तरी कोणाला कळतंय?"

"चकतीच उलटी बसवली आहेस," मिसाओ म्हणाली. "पुढची बाजू मागे गेली. काढ, पालट, परत बसव. पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. दोन्हीकडून सारखं चित्र असेल तर पत्ताच लागत नाही, अक्षरं असली की..."

ती वाक्याच्या मध्येच थांबली. फुलांची वेल दोन्हीकडून सारखी दिसते. सारस पक्षी, पानं, कासवाचं कवच, जवळजवळ सगळी कुळचिन्हं दोन्हीकडून सारखी दिसतात. धावणारे थेंब नाही दिसत.

तेवढ्यात कोणाची तरी कात्री पडली. खण्ण झालं आणि नाझुनाचं नाव जाऊन भिंतीवर बेडूक आला. कान्ता शिंकला. बेडूक गेला, मासा आला. मुलं हसली तर माशाचं घर झालं, घराचा पंखा झाला, चित्रं थांबेचनात.

"गप्प बसा रे," नाझुना वैतागली. "ताई, आपण दारावर पाटी लावू या. इथे खोकू नये. शिंकू नये. लहान मुलांना आणू नये. नाहीतर चित्रं पळून जातील."

मिसाओ मटकन खुर्चीवर बसली. खुर्चीवर डिंकाची बशी होती, ते तिच्या संध्याकाळी लक्षात आलं.

"नाझुना," ती म्हणाली, "समजा पेटी आत खोलीत आहे, आणि बाहेरून कोणी दुसऱ्यानेच घंटा वाजवली तर?"

"तर काय, पळेल. यंत्राला काय कळतंय घंटा कोणाची."

*

गल्लीचे प्रमुख हामाजिमाकाका निवृत्त पोस्टमन होते. सगळ्या गल्लीत त्यांचं कोणाशीच भांडण नव्हतं, कारण कोणत्याही दोन माणसांचं एकदमच बरोबर असतं असं त्यांचं मत होतं. मिसाओ गेली तेव्हा ते दारात बसून मुलं गोल बसून हातोहात फिरवतात त्या भल्यामोठ्या जपमाळेचे लाकडी मणी पुसत होते.

"काका, उद्या अकराला जपमाळ कुठे?"

"तोच घोळ झालाय बघ. सेन्सेईंची मोठी बैठकही अकरालाच आहे. ते म्हणतात, मुलांना शाळेच्या मैदानावर न्या. त्यांचंही बरोबरच आहे."

"भर उन्हात?"

"तुझंही बरोबर आहे."

"सभागृहाच्या खिडकीखाली सावली असते, काका. भिंतीला लागून. दरवर्षी मुलं तिथेच तर बसतात."

हामाजिमाकाकांनी मणी उजेडात धरला. "सावली हा मुद्दा चांगला आहे. सावलीविरुद्ध कोण बोलणार?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक सांगू? गेल्या आठवड्यात बैठकीत बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला. यासुईंच्या पाळीला भलतंच चिन्ह आलं. सेन्सेई म्हणाले, मागच्या जन्मीचं सासर. यासुईंची सून रात्रभर रडली, की मागच्या जन्मीही सासर होतंच."

"तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं, स्कूटर आणि सासरचा संबंध काय असेल. पण विचारलं नाही. उगाच वाद कशाला."

मिसाओनेही त्यांना पुढचं सांगितलं नाही. तिची खात्री कुठे होती? तिला फक्त एवढंच बघायचं होतं की बाहेर घंटा वाजल्यावर पितर काय करतात. त्यांनी काहीच केलं नाही, तर आपण आईची माफी मागू. मनातल्या मनात तिने माफीही पाठ करून ठेवली.

*

शनिवारी सभागृह गुरुवारपेक्षाही भरलं. सेन्सेईंनी नवा झगा घातला होता. मिसाओ आईला खेटून पहिल्या रांगेत बसली. खिडकीबाहेर वीस-पंचवीस मुलं गोल बसत होती. त्यांची खुसपुस पडद्यातून येत होती आणि सेन्सेईंच्या कपाळावर आठी चढत होती.

"हामाजिमासान, ती मुलं?"

"सावली आहे तिथे," हामाजिमाकाका म्हणाले. "बसा तुम्ही. मी पुढे येऊ का? माझी पाळी आहे ना?"

सेन्सेईंनी घाईघाईने वाटी वाजवली. भिंतीवर पंख पसरलेला सारस उजळला. हामाजिमाकाकांनी हात जोडले.

बाहेर नाझुनाने काशाच्या थाळीवर टोला हाणला. दरवर्षी जपमाळ सुरू होते ती त्या थाळीनेच.

सारस गेला. त्याच्या जागी एकमेकांत गुंतलेले दोन मुळे आले.

"हामाजिमांना मुळे कधीपासून?" मागून कोणीतरी कुजबुजलं.

"ते आमचे आहेत," ओगुराकाकू म्हणाल्या. "अहो, आमचे मुळे तिकडे कसे गेले?"

मुलांचा जप सुरू झाला आणि दर ओळीला थाळी वाजू लागली. खण्ण, मुळे गेले, बाणांची पिसं आली. खण्ण, कासवाचं कवच. खण्ण, यासुईंची वेल. लोक आपापलं चिन्ह ओळखून अर्धवट उठत होते आणि ते निसटलं की परत बसत होते.

"आमचे सासरे गेले. आत्ता होते, गेले."

"धरा ना मग."

"कसे धरू, तुम्ही धरलेत का तुमचे?"

"हे भटके आत्मे आहेत," सेन्सेईंचा आवाज हवामानातून वादळात गेला. "दारं लावा. त्या मुलांना थांबवा. पितर कोपले आहेत."

"लाजाळू होते ना?" कोणीतरी म्हणालं, आणि अंधारात दोघं-तिघं हसले.

सेत्सुबाई हसली नाही. ती घाबरली होती. पितर कोपले म्हटल्यावर बाईमाणूस काय करतं? जे ती पन्नास वर्षं रोज सकाळी करत आली होती तेच तिने केलं. कमरेची पिशवी उघडली, उदबत्ती काढली आणि चाचपत काडी ओढली. ती काय करते आहे हे सेन्सेईंना ठिणगी दिसल्यावरच कळलं.

"उदबत्ती नाही. सेत्सुबाई, विझवा ती."

"माफ करा सेन्सेई. उदबत्तीशिवाय कोणी शांत होत नाही. आमचे हे तर मुळीच नाही."

धूर वर चढला. आणि त्या धुरात, मेजावरच्या कमळापासून थेट भिंतीपर्यंत, एक सरळ उजेडाचा दांडा दिसू लागला. इतका स्पष्ट की कपडे वाळत घालायच्या बांबूसारखा त्यावर पडदा टांगावा.

बाहेर खण्ण झालं आणि दांड्याच्या टोकाला, भिंतीवर, तीन थेंब आले.

सेत्सुबाईने भिंतीजवळ सरकून हात पुढे केला. तिच्या तळहातावर थेंब पडले. दुकानात लेबलं वाचते तसा तिने तळहात नाकाशी आणला, तर थेंब हातावरून निसटले. हात परत दांड्यात धरला, परत आले. ती गुडघ्यांवर सरकत मेजाकडे निघाली, हात उजेडात तसाच धरून, आणि थेंब लहान लहान, पुसट होत गेले. शेवटी तिचं बोट कमळाच्या मधल्या भोकावर टेकलं आणि भिंत काळी झाली.

"मिसाओ," ती म्हणाली, "हे इथून येतंय."

मिसाओ उठली आणि तिने पडदा ओढला. ऊन आत आलं. खिडकीच्या चौकटीवर नाझुना आणि कान्ताची डोकी दिसली. नाझुनाच्या हातात थाळी तशीच होती.

"आमच्यासारखीच पेटी आहे ही," नाझुना म्हणाली. "आमची पुठ्ठ्याची, यांची लाकडाची."

"ते पवित्र मेज आहे," सेन्सेई म्हणाले. "त्याला हात..."

हामाजिमाकाकांनी मेजाची मागची फळी काढली. तीस वर्षं दुसऱ्यांची पार्सलं न उघडता वाहिलेला माणूस तो, पण फळी त्याने सराईतासारखी काढली. आत दिवा, भिंग, चकती, मोटर आणि तळहाताएवढी पट्टी. चकतीच्या कडेला बारीक अक्षरांत आजच्या पाळीचा क्रम : हामाजिमा, ओगुरा, आणखी दोन घराणी, यासुई, मुरोता.

"नाझुना, आत ये आणि सगळ्यांना समजावून सांग," मिसाओ म्हणाली.

"वाटी वाजली की या पट्टीला ऐकू जातं," नाझुनाने सांगायला सुरुवात केली. "मग चकती एक घर फिरते, दिवा हळूहळू लागतो, थोडा वेळ थांबतो, मालवतो. आपण आधी जे सांगून ठेवलं तेच ती करते. वाटी कोण वाजवतंय ते तिला कळत नाही. म्हणून खोकायचं नाही, शिंकायचं नाही. आणि धुरात किंवा धुळीत उजेडाची वाट दिसते, म्हणून उदबत्ती नाही." तिने चकती उजेडात धरली. "हे तीन थेंबांचं चित्र उलटं बसवलंय. आमच्यात पण पहिल्यांदा सगळ्यांनी हेच केलं. कान्ताने दोनदा केलं."

"एकदाच," कान्ता खिडकीतून म्हणाला.

"पण आमची चिन्हं याला कळली कशी?" ओगुराकाकूंनी विचारलं.

"नावं आपण दोन दिवस आधी लिहून देतो, काकू," मिसाओ म्हणाली. "आणि चिन्हं देवळामागे कबरींच्या दगडांवर कोरलेली आहेत, प्रत्येकाच्या नावाशेजारी. कोणीही जाऊन फोटो काढावेत."

गल्लीतली सगळी माणसं एका आठवड्यापूर्वीच, पितरांच्या सणाला, ते दगड धुऊन-पुसून आली होती. कोणी कोणाकडे बघेना.

सेन्सेईंनी घसा साफ केला. आवाज परत मऊ झाला. "यंत्र हे केवळ माध्यम आहे. नळ आपण बसवतो, पाणी मात्र वरून येतं. पितर त्या यंत्रातून..."

"सेन्सेई," सेत्सुबाई म्हणाली. ती अजून मेजाजवळच बसली होती. "मला एवढंच सांगा. थेंब बंद कर, असं आमच्या ह्यांनी सांगितलं, की तुम्ही?"

सेन्सेईंनी झग्याची घडी नीट केली.

"कारण ह्यांनी शेवटच्या दुखण्यात हॉस्पिटलमध्ये माझ्याकडून वचन घेतलं होतं, की तू डोळ्यांचं औषधपाणी करशील म्हणून. मला तेव्हापासून वाटत होतं, मेल्यावर माणसाचं मत एवढं कसं पालटलं. पण विचारलं नाही. तुमच्यासमोर विचारायची लाज वाटली." तिने बोट पुन्हा कमळावर टेकवलं. "सांगा ना. ह्यांनी की तुम्ही?"

"सेत्सुबाई, श्रद्धेत असे प्रश्न..."

"म्हणजे तुम्ही," ती म्हणाली आणि उठायला मिसाओचा हात शोधू लागली.

हामाजिमाकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा एकाच बाजूचं बरोबर आहे असं ठरवलं आणि कोपऱ्यावरच्या पोलिस चौकीला फोन लावला. सेन्सेई झगा सावरत निघाले तेव्हा मुलांचा गोल सावलीतून उठून दारात येऊन बसला होता, आणि जपमाळ फिरत असताना गोल मोडायचा नसतो, म्हणून त्यांना चौकीचा माणूस येईपर्यंत उभं राहावं लागलं. मुलांनी जप जरा सावकाशच केला.

*

सोमवारी दवाखान्यात डॉक्टरांनी बराच वेळ डोळे तपासले. उजवा होता तेवढा होता. डाव्याच्या नजरेतला नाकाकडच्या बाजूचा एक तुकडा गेला होता.

"परत येईल?" सेत्सुबाईने विचारलं.

"नाही."

"हे थेंब घालून?"

"नाही. पण उरलेलं राहील."

"म्हणजे फायदा काय, तर तोटा होणार नाही," सेत्सुबाई म्हणाली, आणि डॉक्टरांना ती का हसली ते कळलं नाही. मिसाओ हसली नाही. तिला तो गेलेला तुकडा आठवत राहिला. तिने महिनाभर आधी विचारलं असतं तर तो गेला नसता.

घरी आल्यावर सेत्सुबाईने तिला कागद घ्यायला लावला. गल्लीत सूचनांची फाईल घरोघर फिरते. प्रत्येक घर वाचतं, शिक्का मारतं, शेजाऱ्याकडे देतं. त्यात आपली एक सूचना घालायची म्हणाली.

"नाव घालू नको, आई. लोक बोलतील."

"बोलू देत. नाव नसलं तर प्रत्येकाला वाटेल, ही दुसऱ्याची गोष्ट आहे. लिही."

मिसाओने लिहिलं, आई सांगत गेली तसंच :

"कळवण्यास खेद होतो की मी, टोफूच्या दुकानातली मुरोता सेत्सु, फसले. मला कमी दिसतं म्हणून फसले असं कोणी समजू नये. डोळे शाबूत असलेले साठ जण माझ्या शेजारी बसले होते. ज्याला जे वाटलं ते त्याने विचारलं नाही, मीही नाही. माझ्या डाव्या डोळ्यातलं जेवढं गेलं ते आता मिळणार नाही.

"कोणी अद्भुत काही दाखवलं तर जरूर बघा, मलाही बघायला आवडतं. पण नंतर विचारा, हे कशाने झालं. दाखवणारा खरा असेल तर खोकं उघडून दाखवील. आपल्या मुलांनी दाखवलं तसं. तो रागावला, तर उठून घरी या. पितरांना भ्यायचं कारण नाही. आपल्याला नीट दिसावं, नीट ऐकू यावं, आपण वेळेवर औषध घ्यावं, एवढंच आपल्या माणसांना जिवंतपणी हवं होतं. मेल्यावर त्यांनी दुसरं काही मागितलं असं कोणी सांगू लागलं, तर सांगणाऱ्याकडे बघा, पितरांकडे नको. आणि डॉक्टरांचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. माझ्यासारखं लपवून तर मुळीच नको.

"तपासणीसाठी मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दवाखान्यात असेन. त्या दिवशी टोफू मिळणार नाही. तसदीबद्दल क्षमा असावी."